पडद्याची धून, कोरडी

२ फेब्रुवारी, रविवार

रेकॉर्डिंगचा पहिलाच टेक वाया! अख्खी धून वाजली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हात कुठे अडला नाही — आणि टेक वाया. गिटारच्या आवाजामागे काहीतरी घरघरतंय. डब्यात माशी कोंडल्यासारखं. लेव्हल बरोबर होती. केबल नवी. पंखा बंद. फोन बाहेरच्या खोलीत ठेवला होता. तरी घरघर.

मामा पलंगाच्या काठावर गिटार घेऊन बसलेले. "काय इंजिनिअर? झालं ना?"

म्हटलं, "परत एकदा घेऊ मामा. डाग आहे थोडा."

"डाग!" म्हणाले. "मग लाँड्रीत द्या."

पण तोवर गोळीचा असर उतरला होता. मामांना कंपवात आहे. गोळी घेतली की थोड्या वेळाने हात सुटतो, मग परत आखडतो. मधे जे मिळेल ते आपलं. आज आणखी काही मिळालं नाही.

वाया गेलेला टेक पुसून टाकला. चांगलं आणि खराब एका फोल्डरमध्ये राहिलं की मला चैन पडत नाही. पुढच्या वेळी स्वच्छ घेऊ.

३ फेब्रुवारी, सोमवार

काय करतोय आणि का, ते एकदा नीट लिहून काढतो. म्हणजे कामावर असताना डोक्यात गोल गोल फिरणार नाही.

उत्तरेश्वर मामा आईचे थोरले भाऊ. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. कार्यक्रम सुरू होताना पडदा वर जाईपर्यंत एक धून वाजायची, ती त्यांनी स्वतः बसवलेली. सगळे तिला पडद्याची धून म्हणत. ती कधीच कुठे रेकॉर्ड झाली नाही. ऑर्केस्ट्रा बंद पडला, बरोबरचे कुठे कुठे गेले. आता ती फक्त मामांच्या हातात आहे. आणि हात निकामी होत चाललाय. डॉक्टर आईला बाहेर बोलावून म्हणाले, "जे करून घ्यायचंय ते लवकर करून घ्या." आईला वाटलं, बँकेच्या सह्या. मला वाटलं, धून.

माझ्याकडे ॲम्प्लिफायर नाही. येरवड्यातल्या दोन खोल्यांत तो लावला तर शेजारी पोलीस बोलावतील. कॉम्प्युटरमधला नकली ॲम्प्लिफायर मामांना ऐकवला. म्हणाले, "प्लास्टिकच्या बादलीत बसून वाजवल्यासारखं वाटतंय." म्हणून कोरडा सिग्नल. गिटारची केबल एका छोट्या डब्यातून थेट कॉम्प्युटरमध्ये. काहीही न लावलेला, चपटा, थंड आवाज. नंतर खरा ॲम्प्लिफायर मिळाला की तोच सिग्नल उलटा त्यात सोडायचा आणि समोर माईक ठेवायचा. त्याला रिॲम्प म्हणतात. समोर माणूस वाजवतोय की कॉम्प्युटर, ते ॲम्प्लिफायरला कळत नाही. हात आत्ता, आवाज नंतर.

आणखी एक फायदा. माईकच नाही, त्यामुळे आई शेजारी कुकर लावते, खाली टँकर येतो, कुत्री भांडतात — काही आत येत नाही. कोरड्या सिग्नलला कान नसतात.

मग ती घरघर आली कुठून?

५ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! कान गिटारलाच आहेत!

गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तारेची गुंडाळी. मामांची गिटार जुनी, गुंडाळी सैल झालेली. ती थरथरते. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने हलकं ठोकलं तर हेडफोनमध्ये टक्‌टक्. मग तोंड जवळ नेऊन "हॅलो" म्हटलं — हॅलो आलं! खोल विहिरीतून आल्यासारखं, पण आलं.

म्हणजे ती घरघर मामांचीच. ते गिटारवर मान घालून वाजवतात आणि वाजवताना गुणगुणतात.

संध्याकाळी विचारलं. "मी? मी कधी गुणगुणतो?"

आई आतून म्हणाली, "अख्ख्या येरवड्याला माहीत आहे दादा, तुलाच तेवढं माहीत नाही."

मी म्हटलं, "मामा, रेकॉर्डिंगला अजिबात गुणगुणायचं नाही. तोंड बंद." जरा जोरातच म्हटलं असेन. मामांनी लगेच मान हलवली. "स्टुडिओचा नियम म्हणजे नियम."

९ फेब्रुवारी, रविवार

मामांनी दाताखाली लवंग धरली होती. "तोंडाला कुलूप."

घरघर नाही. पण धून पुढे जाईना. सुरुवात छान झाली, मधला भाग आला, आणि शेवटाकडे वळायच्या जागी हात थिजला. बोटं तारेवर तशीच. मग परत मधला भाग. परत तिथेच. परत तिथेच.

"पडदा अडकला," मामा म्हणाले. ऑर्केस्ट्रात खरंच अडकायचा म्हणे. दोरी गुंतली की पडदा अर्ध्यावर थांबायचा, मग हे लोक मधला भाग फिरवत राहायचे. पडदा पूर्ण वर गेल्याशिवाय शेवट वाजवायचा नाही. एकदा कुठल्याशा गावात इतका वेळ फिरवला की समोरचे लोक उठून चहा पिऊन आले.

हसले. लवंग पडली. हात मात्र मांडीवर थरथरत होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लवकर सुटलो म्हणून प्रयत्न केला. अडकला. लवंगा संपल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

खराडीच्या ऑफिसात आज मोठी मीटिंग होती. माझं काम प्रोजेक्टर आणि माईक बघायचं. एकाने माईक बोटाने टकटक करून विचारलं, "इज धिस थिंग ऑन?" चालू होता. त्याचंच बोट सगळ्यांना ऐकू आलं. सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. माझं काहीच चुकलं नव्हतं, तरी मी सगळ्या वायरी परत तपासल्या.

डिप्लोमाचं दुसरं वर्ष पूर्ण केलं असतं तर आज टेबलाच्या त्या बाजूला असतो, असं आई म्हणत नाही. पण जेवायला वाढताना तिच्या मनात येतं ते मला दिसतं.

मामांचं काय चुकतंय? गोळी तीच. वेळ तीच. पहिल्या दिवशी वाजली, आता वाजत नाही. मला वाटतं, घरघरीची धास्ती. चूक झाली तर परत करावं लागेल, म्हणून आखडतात. तर मग घरघर मुळातूनच बंद करायची.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पिकअप मेणात बुडवला. वितळलेलं मेण गुंडाळीत शिरतं, थिजतं, मग तारेला थरथरायला जागाच उरत नाही. काम नाजूक. मेण जास्त तापलं तर पिकअपचं प्लास्टिक वितळतं.

मेण विकत आणायचं राहिलं. वंदनेनंतर विझलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे आई एका डब्यात जपून ठेवते. ते मागितले.

"वंदनेच्या आहेत त्या!"

"गिटारसाठीच हव्यात आई. मामांच्या."

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग डबाच पुढे सरकवला. "तथागतांचं काही म्हणणं असणार नाही. माझं पातेलं तेवढं घेऊ नकोस."

घेतलंच. पातेल्यात गरम पाणी, पाण्यात स्टीलचा डबा, डब्यात मेण, मेणात दोऱ्याला टांगलेला पिकअप. बारीक बुडबुडे वर यायला लागले. सैल जागेतली हवा निघून चालली होती. मी ते थांबेपर्यंत बघत बसलो. मामा दारात स्टूल टाकून बसले होते. म्हणाले, "बिचारं बुडतंय."

१६ फेब्रुवारी, रविवार

स्वच्छ! असा स्वच्छ सिग्नल मी आजवर घेतला नव्हता. शेजारी उभा राहून ओरडलो तरी आत काही नाही. गिटार ठार बहिरी झाली आहे.

आणि धून मधेच अडकली. सगळ्या टेकमध्ये. मामांचे ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. शेवटी गिटार बाजूला ठेवून म्हणाले, "तुझं काम चोख आहे रे. माझंच नाही."

सगळे टेक ठेवले. एकही खराब नाही. एकही पुरा नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मामा स्वयंपाकघराच्या दारात थिजले. पाय उचलेना. मी धरायला धावलो तर आई म्हणाली, "थांब, ओढू नकोस." तिने ओट्यावर बोटांनी ठेका धरला आणि काहीतरी गुणगुणायला लागली. मामा तिच्या मागोमाग गुणगुणले आणि चालत मोरीपर्यंत गेले! सरळ!

"तुला माहीत नाही?" आई म्हणाली. "गुणगुणला की पाय उचलतात त्याचे. शर्टाची बटणंसुद्धा तशीच लावतो. नुसतं 'चल' म्हटलं की अडकतो."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो.

पहिल्या दिवशी हात का चालला, ते कळलं. मी तोंड बंद करा म्हटलं आणि हात बंद झाला. त्याहून वाईट — पिकअप मेणात बुडवला त्याच दिवशी तो नियम उठायला हवा होता. बहिऱ्या गिटारसमोर कितीही गुणगुणलं तरी काय बिघडणार होतं? ते माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकं सगळं तपासतो मी. केबल तपासतो, पंखा तपासतो. हे नाही.

मामांना सांगितलं, "आता गुणगुणलं तरी चालेल."

"तोंडी आदेश चालत नाहीत. लेखी द्या."

मग हळूच म्हणाले, "खरंच चालेल?" आणि लहान मुलासारखे हसले. आजची गोळी वाया गेली होती. शनिवारी घ्यायचं ठरलं. शनिवारी होणार. मला खात्री आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मामा पडले. मोरीच्या उंबऱ्यापाशी. डावं मनगट मोडलं.

४ मार्च, मंगळवार

प्लास्टर कोपरापर्यंत. डॉक्टर म्हणाले हाड जुळेल. मी विचारलं, "गिटार?" त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदावर. म्हणाले, "त्या हाताने चमचा धरता आला तरी मोठी गोष्ट समजा."

मामांनी ऐकलं. एरवी रिक्षावाल्याला टोमणा मारल्याशिवाय ते उतरत नाहीत. आज गप्पच उतरले.

९ मार्च, रविवार

पुसलेला टेक परत मिळवायचा प्रयत्न केला. तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर लावली. जागेवर दुसरं लिहिलं गेलं आहे. माझेच नंतरचे स्वच्छ टेक, त्याच्या अंगावर. हाती आले ते तुकडे, नुसती खरखर.

मला छळतंय ते वेगळंच. त्या दिवशी शेवट माझ्या कानावरून गेला होता! हेडफोन डोक्यावर होता. वाजून गेल्यावरही पुन्हा पुन्हा ऐकलं. आणि आता एक सूर आठवत नाही. कारण मी धून ऐकतच नव्हतो. मी घरघर ऐकत होतो.

आईला विचारलं. तिला मधला भाग येतो. "शेवट कधी घरी वाजवला नाही रे त्याने. घरी कुठला पडदा?"

१५ मार्च, शनिवार

मामांचा आवाज फार बारीक झालाय. दिवसाला दहा शब्द. आज धीर करून विचारलं, "शेवट नुसता गुणगुणून दाखवता का?"

प्रयत्न केला. ओठ हलले. दोन सूर आले आणि थांबले. परत दोन. डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "तो एकटा येत नाही. मागून ढकलत आणावा लागतो."

म्हणून स्वच्छ टेक हेडफोनवर ऐकवला. क्षणभर ऐकून त्यांनी चांगल्या हाताने हेडफोन काढला.

"हे कोरडं आहे. घशाखाली जात नाही."

मी हेडफोनची वायर गुंडाळत बसलो. बराच वेळ. ती आधीच गुंडाळलेली होती.

२३ मार्च, रविवार

स्वारगेटला उतरून चालत सहकारनगरला गेलो. ऑर्केस्ट्राचे मालक गोपाळकृष्ण काका तिथे राहतात. मामांचा जुना ॲम्प्लिफायर त्यांच्याकडे राहिला होता. दार अर्धंच उघडलं.

"काय विकायला आलात?"

"काही नाही. उत्तरेश्वर मामांचा भाचा मी. प्रज्ञेश."

"मग उभे का? आत या. चप्पल बाहेर."

ॲम्प्लिफायर बाल्कनीत होता. त्यावर कोरफडीची कुंडी. "आवाजाचं माहीत नाही," काका म्हणाले, "कुंडीला मात्र उत्तम आहे." मामांची हकीकत सांगितली. ऐकताना ते कुंडीची माती बोटाने दाबत राहिले.

मी विचारलं, "काका, धुनेचा शेवट तुम्हाला आठवत असेल ना? रोज ऐकायचात."

"मालक मी, आणि पडद्याची दोरी ओढणाराही मी. पगार वाचायचा. शेवट वाजायचा तेव्हा मी खाली वाकून दोरी बांधत असायचो. माझं लक्ष गाठीकडे." थोडं थांबून म्हणाले, "सुटली असती तर पडदा गायिकेच्या डोक्यात."

म्हणजे आपण दोघे सारखेच, असं मला वाटलं.

खाली रिक्षापर्यंत स्वतः आले. "परत आणून द्या. कुंडी उन्हात पडली आहे. आणि उत्तरेश्वरला म्हणावं, मी अजून आहे. कळवत जा अधूनमधून."

३० मार्च, रविवार

ॲम्प्लिफायर साफ केला. आत माती, मुंग्या आणि एक जुनं तिकीट. आतल्या काचेच्या नळ्यांपैकी एक व्हॉल्व्ह गेलेला, तो बदलला. चालू केल्यावर आधी काहीच नाही, मग लाल उजेड आणि हळूहळू भरत येणारी गुणगुण.

मामांना खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांनी प्लास्टरचा हात ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला, तिथे कुंडीचा गोल डाग उमटला आहे. मी काकांचा निरोप सांगितला. हात तिथेच राहिला. आई पदराने तोंड पुसून आत गेली.

४ एप्रिल, शुक्रवार

उद्या रिॲम्प. गल्लीत जयंतीचे स्पीकर अजून लागलेले नाहीत. सोमवारनंतर शांतता मिळायची नाही, म्हणून उद्याच.

सोळा फेब्रुवारीचा एक टेक निवडला. सुरुवात आहे, मधला भाग आहे, तो तीनदा फिरतो, आणि थांबतो. तिथे आवाज हळूहळू उतरवत नेणार. ऐकणाऱ्याला वाटेल, मुद्दामच केलंय. ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की पडदा अर्ध्यावरच राहिला. माहीत असणारी माणसं किती उरली?

उद्या मात्र समोर माईक असणार, उघडा. सगळं ऐकणार. खिडक्या बंद, पंखा बंद, मोबाईल बंद. आईला तीनदा सांगितलं — कुकर लावायचा नाही. "बरं बाबा, नाही लावत." मामांना बाहेरच्या खोलीत बसवायचं होतं, पण ते खुर्ची सोडेनात. तर तिथेच राहू देत. आता काय ते बोलणार आहेत!

५ एप्रिल, शनिवार

धून खोलीत भरली. मधला भाग फिरला, फिरला, तिसऱ्यांदा फिरला आणि सिग्नल संपला. ॲम्प्लिफायर नुसता घरघरत राहिला. मी आवाज उतरवायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून मामा. बारीक, फाटका आवाज, पण न अडखळता. वळण घेतलं, वर गेले, आणि शेवटपर्यंत नेलं. माईक चालू होता.

शेवटच्या सुरावर कुकरची शिट्टी आहे. राहू दे.